'द रेड बॅज ऑफ करेज' : भ्रमनिरासाचा आणि साक्षीचा प्रश्न

युद्धविषयक कादंबऱ्यांची चर्चा करताना 'भ्रमनिरास' हा शब्द आपल्याकडे इतक्या सहजपणे वापरला जातो, की त्याच्या पोटात काय काय गृहीत धरलेले आहे याची विचारपूस करण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. कोवळ्या वयाचा एक मुलगा युद्धाविषयी रम्य कल्पना उराशी बाळगून सैन्यात भरती होतो, रणभूमीवर रक्त आणि भय पाहतो, आणि त्याचे डोळे उघडतात. स्टीफन क्रेनच्या 'द रेड बॅज ऑफ करेज' (१८९५) या कादंबरीचे आशयसूत्र पदव्युत्तर वर्गांतून बहुधा याच तीन पायऱ्यांत सांगितले जाते. या मांडणीतील अडचण अशी, की तिसरी पायरी कादंबरीत शोधू गेले तर हाती लागत नाही. हेन्री फ्लेमिंग या तरुणाला भ्रम आहे, यात शंका नाही. त्याचा निरास होतो का, आणि होत असला तर तो कुणाच्या मनात – हेन्रीच्या, निवेदकाच्या की वाचकाच्या – हा प्रश्न मात्र शेवटच्या पानापर्यंत सुटलेला नसतो. प्रस्तुत लेखात माझे प्रतिपादन असे आहे, की या कादंबरीत युद्धाचा रम्य भ्रम मोडत नाही. तो जागा बदलतो. युद्धापूर्वी जो अपेक्षेच्या रूपात होता, तो युद्धानंतर हकिकतीच्या रूपात परततो. आणि असे परतण्यासाठी त्याला एका खोट्या जखमेची व साक्षीदारांच्या अभावाची आवश्यकता असते.

क्रेनचा जन्म १ नोव्हेंबर १८७१चा. अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) संपून तेव्हा सहा वर्षे उलटली होती. कादंबरी लिहिताना त्याने विशी नुकतीच ओलांडली होती आणि कोणतीही लढाई डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. 'सेंच्युरी' मासिकाने १८८४ ते १८८७ या काळात यादवी युद्धातील सेनानींच्या आठवणींची जी प्रदीर्घ लेखमाला छापली, तिचे अंक तो एका चित्रकार मित्राच्या स्टुडिओत बसून वाचत असे. ही माणसे आपण काय काय केले ते सारे सांगतात, पण तेव्हा आपल्याला काय वाटले ते सांगत नाहीत, अशा आशयाची तक्रार त्याने केल्याचे या मित्राने नमूद केले आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तिच्या वाट्याला ज्या प्रतिक्रिया आल्या, त्यांपैकी दोन शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. शिकागोच्या 'द डायल' या पत्रात १८९६ साली जनरल मॅक्लर्ग या युद्धात लढलेल्या गृहस्थाने हे पुस्तक म्हणजे अमेरिकन सैनिकाची विटंबना आहे, असा संतप्त आक्षेप घेतला. उलट, दुसऱ्या एका माजी कर्नलने आपण अँटिएटमच्या लढाईत क्रेनच्या बरोबर होतो असे सांगितल्याचा किस्सा क्रेनविषयक लेखनात वारंवार येतो. अँटिएटमची लढाई १८६२ सालची. म्हणजे लेखकाच्या जन्माच्या नऊ वर्षे आधीची. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु ऐकलेल्या-वाचलेल्या हकिकतीचा आकार माणसाच्या स्वतःच्या स्मृतीत किती बेमालूम मिसळतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. आणि कादंबरीचा विषय तरी दुसरा कोणता आहे?

हेन्रीच्या मनातील युद्ध हे वाचनातून आणि कल्पनेतून आलेले आहे. मुकुट, उंच किल्ले, ग्रीकांचे संग्राम यांनी भरलेले असे ते जग कधीच लोपले असणार, आताची माणसे एकतर सुधारली आहेत किंवा भेकड झाली आहेत, अशी शंकाही त्याला अधूनमधून येते. आईच्या विरोधाला न जुमानता तो भरती होतो. निरोपाच्या प्रसंगी आईच्या तोंडून स्पार्टन मातेला शोभेल असे काही निघावे – ढाल घेऊन परत ये किंवा ढालीवरून परत ये, अशा जातीचे – म्हणून त्याने मनाची तयारी करून ठेवलेली असते. आई बटाटे सोलत असते. सोलता सोलताच ती त्याला विणून ठेवलेल्या मोज्यांच्या आठ जोड्यांविषयी सांगते, वाईट संगत धरू नकोस म्हणते आणि मुरंब्याची आठवण करून देते. हेन्री अस्वस्थ होतो. समीक्षकांनी या प्रसंगातील उपरोध टिपला आहे. तो ठळकच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की आईच्या बोलण्यात युद्धाविषयी जेवढे खरे ज्ञान आहे तेवढे कादंबरीत पुढे कुठल्याही सेनापतीच्या तोंडी येत नाही. पाय भिजतात, मोजे फाटतात. पुढे कूच करताना रस्त्यात पहिला मृतदेह लागतो, तेव्हा निवेदकाचे लक्ष जाते ते त्या मृताच्या झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या तळव्यांच्या बुटांकडे. जिवंतपणी मित्रांपासून झाकलेले दारिद्र्य मरणाने उघडे पाडले. बटाटे सोलणाऱ्या बाईला हे आधीच ठाऊक होते.

मराठी वाचकाला या ठिकाणी महाभारताच्या विराटपर्वातील उत्तराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अंतःपुरातील स्त्रियांसमोर सारथी नाही म्हणून अडलो, नाहीतर कौरवांना एकटा पुरे पडलो असतो अशी फुशारकी मारणारा हा राजपुत्र. आणि येताना शत्रूंची तलम रंगीत वस्त्रे बाहुल्यांसाठी घेऊन या, असे बृहन्नडेला सांगणारी त्याची बहीण. युद्धाच्या रम्यतेचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही : रणांगण म्हणजे बाहुल्यांच्या कपड्यांची बाजारपेठ. कौरवसेना दृष्टीस पडताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो, बृहन्नडेच्या वेशातील अर्जुन त्याला केस धरून मागे आणतो. आपल्या परंपरेने उत्तराचे नाव पोकळ बढाईखोरासाठी राखून ठेवले, आणि पळण्यापाशीच त्याची कथा संपली असे मानले. ती तिथे संपत नाही, याकडे पुढे यायचे आहे.

हेन्रीची भीती लढाईपूर्वीच सुरू होते. ऐन वेळी आपण पळून तर जाणार नाही ना, हे तो जणू गणित मांडून सोडवू पाहतो. सोबत्यांना आडून आडून विचारतो. पहिल्या हल्ल्यात तो टिकतो. सर्व काही संपले, परीक्षा उत्तीर्ण झालो, असे वाटून तो स्वतःवर खूश असतानाच दुसरा हल्ला येतो आणि तो पळतो. पळाल्यानंतर कळते की त्याची पलटण हटली नाही, तिने हल्ला परतवला. येथून पुढची काही प्रकरणे कादंबरीचा गाभा आहेत. जंगलात शिरल्यावर तो एका खारीला चीडफळ फेकून मारतो, खार पळते. बस, निसर्गाचाच हा कायदा ठरला : धोका दिसताच पळावे. काही पावले पुढे, झाडांच्या फांद्यांनी कमान धरलेल्या देवळासारख्या जागेत, एक प्रेत झाडाला टेकून बसलेले आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर मुंग्या फिरत आहेत. निसर्गाचा हाही कायदा. दोन दृश्ये इतकी लगोलग येतात, की निसर्गाकडून काही निवाडा मिळेल ही आशाच हास्यास्पद ठरते. परंतु हेन्री थांबत नाही. तो आपली बाजू मांडतच राहतो. आपली सेना हरली तर बरे, म्हणजे पळणारा तोच दूरदर्शी ठरेल, असा विचारही त्याच्या मनाला स्पर्शून जातो. भ्रम सुटलेला माणूस असा वकिली करीत नाही. ज्याला वीरत्वाच्या न्यायासनावर अजून पूर्ण विश्वास आहे, तोच त्यापुढे इतक्या तळमळीने कैफियत देतो.

क्रेनच्या आधी युरोपीय कादंबरीने ही जागा दोनदा हाताळली होती. स्तांदालच्या 'पार्माचा मठ' (१८३९) या कादंबरीतील फाब्रिस वॉटर्लूच्या रणांगणावर दिवसभर भटकतो, आणि आपण पाहिली ती खरोखरीची लढाई होती की काय, हा प्रश्न त्याला सुटत नाही. टॉलस्टॉयने हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. 'युद्ध आणि शांती'मधील निकोलाय रोस्तोव्ह शोनग्राबर्नच्या चकमकीत घोड्यावरून पडतो, अंगावर धावून येणाऱ्या फ्रेंचांना पाहून पिस्तूल फेकून पळ काढतो; ज्याच्यावर सगळे इतके प्रेम करतात त्याला, म्हणजे आपल्याला, ही माणसे ठार मारायला येतील हे त्याला खरेच वाटत नाही. पण टॉलस्टॉयची खरी मर्मदृष्टी यानंतरच्या एका लहानशा प्रसंगात दिसते. काही दिवसांनी रोस्तोव्ह ही हकिकत मित्रांना सांगू लागतो. सुरुवात खरे सांगण्याच्या इराद्यानेच करतो, पण ऐकणाऱ्यांनी अशा हकिकती पुष्कळ ऐकलेल्या असतात, त्यांची अपेक्षा ठरलेली असते, आणि त्याच्याही नकळत त्याची हकिकत त्या ठरलेल्या साच्यात ओतली जाते. तो खोटे बोलतो असे म्हणणे कठोर होईल. भाषेत सत्याला जागाच नव्हती. टॉलस्टॉयने जो मुद्दा दोन-तीन परिच्छेदांत हातावेगळा केला, त्यावर क्रेनने संपूर्ण कादंबरी उभारली असे मला वाटते.

त्या उभारणीचा कणा म्हणजे जखम. पळून आलेला हेन्री जखमी सैनिकांच्या तांड्यात सापडतो आणि त्यांचा त्याला हेवा वाटू लागतो. आपल्यालाही एक जखम असती, धैर्याचा एक तांबडा बिल्ला असता तर! शीर्षकातील शब्द येतात ते अशा असूयेच्या क्षणी. ही इच्छा पुढे पूर्ण होते, आणि ज्या पद्धतीने पूर्ण होते तिच्यात क्रेनचा सर्वांत निर्दय विनोद आहे. पळत सुटलेल्या स्वपक्षाच्याच एका भेदरलेल्या शिपायाला हेन्री धरतो. काय झाले, का पळता, असे विचारू पाहतो. वाक्य काही पुरे होत नाही, आणि तो शिपाई हात सोडवण्यासाठी बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात हाणतो. पळपुट्याने पळपुट्याला केलेली ही जखम घेऊन तो रात्री आपल्या पलटणीत परततो. उजवीकडच्या तुकडीबरोबर लढताना गोळी चाटून गेली, असे सांगतो. कॉर्पोरल शेकोटीच्या उजेडात डोके तपासतो आणि म्हणतो की गोळी चाटून गेली खरी, पण टेंगूळ मात्र कुणी सोटा हाणावा तसे आले आहे. शरीरावरचे चिन्ह खरे तेच सांगत असते. वाचणारा ते उपमा म्हणून वाचतो. खूण आणि तिचा अर्थ यांतील नाते किती कमालीचे संकेताधीन आहे, हे दाखवण्यासाठी गेल्या काही दशकांत आपण परक्या भाषांतून बरीच जड परिभाषा आयात केली. तिच्यावाचूनही हा परिच्छेद पुरेसा बोलका आहे.

त्या रात्री हेन्रीला पांघरूण मिळते, कॉफी मिळते. सकाळी त्याच्या मनाचा तोल परत येतो, कारण चुका अंधारात झाल्या होत्या, कुणी पाहिल्या नव्हत्या. तो घरी जाऊन आईला आणि त्या एका मुलीला सांगायच्या गोष्टी मनात जुळवू लागतो. भ्रम परतला. पूर्वी तो ग्रीकांविषयी होता. आता तो स्वतःविषयी आहे, आणि त्याच्या जोडीला पुरावा आहे.

आता उत्तराच्या कथेचा उरलेला भाग पाहावा. अर्जुन युद्ध जिंकतो आणि आपली ओळख इतक्यात उघड होऊ नये म्हणून उत्तराला सांगतो, विजय तूच मिळवलास असे नगरात कळव. विराट राजा हर्षाने वेडा होतो; विजय बृहन्नडेमुळे झाला असे म्हणणाऱ्या कंकाच्या – वेषांतरातील युधिष्ठिराच्या – तोंडावर फासा फेकून मारतो, रक्त येते. खोट्या कीर्तीसाठी सगळी सिद्धता झालेली आहे : नगर सजले आहे, बाप ऐकायला उत्सुक आहे. आणि उत्तर, तो बढाईखोर उत्तर, बापासमोर सांगतो की हे मी केलेले नाही; मी पळत होतो, एका देवपुत्राने मला थांबवले आणि त्यानेच सारे केले. अर्जुनाचे गुपित राखूनही तो स्वतःचे पलायन लपवत नाही. भारतीय युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून तो मारला जातो. या उत्तराची आपण टवाळी करीत आलो, हे आपल्या श्रवणपरंपरेविषयी पुष्कळ काही सांगते. तुलनेचा मुद्दा मात्र इतकाच : उत्तराला एक साक्षीदार लाभला होता. पळताना ज्याने त्याला केसांना धरले, तो परतताना रथात शेजारी होता. हेन्रीला असा कुणी लाभला असता तर?

लाभला होता, हेन्रीने त्याला टाकून दिले. जखमींच्या तांड्यात एक फाटका शिपाई त्याच्या बरोबरीने चालू लागतो. त्याच्या डोक्याला रक्ताळलेली चिंधी बांधलेली आहे, एक हात लोंबतो आहे. स्वभावाने तो भाबडा, बोलका आणि अत्यंत दयाळू आहे. तो सहज आपुलकीने विचारतो, तुला कुठे लागले? हेन्री अंगरख्याच्या बटणाशी चाळा करतो आणि गर्दीत सटकतो. पुढे हेन्रीचा बालमित्र जिम कॉंकलिन, त्या उंच शिपायाचे विलक्षण मरण दोघे मिळून पाहतात. (या प्रकरणाच्या शेवटी आकाशाला चिकटवलेल्या लाल सूर्याची जी प्रतिमा आहे, तिच्यावरून १९५०च्या दशकात रॉबर्ट स्टॉलमन यांनी जिमला ख्रिस्ताचे रूप मानून संपूर्ण कादंबरी पापक्षालनाची कथा ठरवली, आणि नवसमीक्षेच्या त्या भराच्या काळात या एका प्रतिमेवर कित्येक लेख खर्ची पडले. सूर्याकडे पाहता पाहता त्या फाटक्या माणसाकडे दुर्लक्ष झाले, हे त्या वादाचे माझ्या मते खरे फलित.) जिम गेल्यावर फाटका शिपाई पुन्हा विचारतो, तुझी जखम कुठे आहे? आत असेल तर जप, अशा जखमा वाईट असतात. त्याची शुद्ध हरपत चालली आहे, तो हेन्रीला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारू लागला आहे. हेन्री त्याला शेतात भटकत सोडून निघून जातो.

पळणे हा हेन्रीचा अपराध नव्हता. गोळ्यांच्या वर्षावात शरीराने जे केले त्याला अपराध म्हणता येत नाही. हा मात्र अपराध आहे, आणि तो रणांगणाच्या बाहेर, कोणताही धोका नसताना घडला आहे. हेन्रीने सोडले ते मरणाऱ्या माणसाला. पण सोडण्याचे कारण होते त्याचा प्रश्न. क्रेनने हस्तलिखितावर पुन्हा हात फिरवताना पुष्कळ ठिकाणी पात्रांची नावे काढून 'तरुण', 'उंच शिपाई', 'तोंडाळ शिपाई' अशी विशेषणे घातली. त्यामुळे कादंबरीला आलेल्या सर्वसामान्यतेविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु उंच शिपायाला जिम हे नाव आहे, तोंडाळ शिपाई म्हणजे विल्सन. हेन्रीच्या कारणाने ज्याचा अंत झाला असावा त्या फाटक्याला अखेरपर्यंत नाव नाही. आपल्या बखरींतूनही पडलेल्या सरदारांची नावे येतात, बाकीच्यांची संख्या येते. नाव नसलेल्याची आठवण ठेवायची तर ती कोणत्या हाकेने ठेवायची, ही अडचण क्रेनने आपल्या नायकाच्या गळ्यात अडकवून ठेवली आहे.

शेवटच्या प्रकरणात हा फाटका शिपाई परत येतो, हेन्रीच्या मनात. दोन दिवसांची लढाई संपली आहे. दुसऱ्या दिवशी हेन्री त्वेषाने लढला आहे, त्याने निशाण वाहिले आहे, वरिष्ठांनी केलेली त्याची स्तुती त्याच्या कानांवर आली आहे. पलटण नदीकडे परत निघाली असताना तो आपल्या कृत्यांचा आढावा घेतो. पळाल्याची आठवण येते, तिची लाज थोड्या वेळात ओसरते. फाटक्या माणसाची आठवण मात्र सहजासहजी हटत नाही, सोबत्यांना आपल्या चेहऱ्यावर ती वाचता येईल अशी भीती वाटते. मग हळूहळू तो तिला दूर सारण्याइतके बळ गोळा करतो. आणि त्यानंतर ते प्रसिद्ध विधान येते, की तो आता 'मॅन' झाला होता.

या समाप्तीवरून झालेला वाद संहितेपर्यंत पोहोचला. क्रेनच्या हस्तलिखितातील एक संपूर्ण प्रकरण, काही प्रकरणांचे शेवट आणि अखेरच्या प्रकरणातील काही वाक्ये १८९५च्या ॲपल्टन आवृत्तीत नाहीत. हेन्री बाइंडर यांनी १९८२ साली हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करून असा पक्ष मांडला, की प्रकाशनसंस्थेच्या संपादकाच्या आग्रहामुळे ही काटछाट झाली आणि तिच्यामुळे मूळची उपरोधप्रधान कादंबरी एका शूराच्या घडणीची गोष्ट वाटू लागली. हर्शेल पार्कर यांनी त्यांची पाठराखण केली. डोनाल्ड पायझर यांनी छापील संहितेचा कैवार घेतला. संपादकाने दडपण आणल्याचा लेखी पुरावा उपलब्ध नाही, त्यामुळे त्या अंगाने वाद निकाली निघण्यासारखा नाही. गाळलेला मजकूर वाचल्यावर माझे मत मात्र छापील संहितेच्या बाजूने झुकते, आणि पायझर यांच्याहून वेगळ्या कारणासाठी. हस्तलिखितातील हेन्री स्वतःला नव्या जगाचा प्रेषित समजतो. नियतीने आपल्याला आपल्याच भल्यासाठी झोडपले, अशी समजूत करून घेतो. येथे उपरोध इतका उच्चारवाने बोलतो, की वाचकाला हेन्रीपेक्षा शहाणे असल्याचे समाधान फुकटात मिळते. छापील संहितेत ते मिळत नाही. फाटक्या माणसाची आठवण दूर सारली जाते आणि लगेच शांत आकाशाची, कुरणांची, गार झऱ्यांची स्वप्ने सुरू होतात. या स्वप्नांनी आपल्यालाही बरे वाटते. आठवण दूर सारण्यात आपणही हेन्रीबरोबर सामील झालेलो असतो, आणि हे कुणी आपल्याला सांगत नाही.

त्या 'मॅन'चे मराठीत काय करावे? इंग्रजीत हा एकच शब्द पौरुष आणि माणूसपण दोन्ही वाहतो. मराठीत 'तो आता पुरुष झाला होता' असे लिहिले तर भ्रम शाबूत राहिल्याची कबुली होते. 'तो आता माणूस झाला होता' असे लिहिले तर भ्रमनिरास पदरात टाकला जातो. अनुवादकाला निवड टाळता येत नाही, आणि निवड केली की समीक्षा होऊन गेलेली असते. याहूनही सूक्ष्म प्रश्न निवेदनाचा आहे. हे विधान निवेदकाचे की हेन्रीच्या मनातले? इंग्रजी वाक्य दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहते. मराठीत एक 'म्हणे' घातला तर वाक्य कडू होते, 'असे त्याला वाटले' जोडले तर ते हेन्रीच्या पदरात जाते, आणि काहीच न घातले तर निवेदकाची मोहोर उमटते. चार्ल्स वॉल्कट यांनी १९५६ साली हेन्रीत कोणतीच वाढ होत नाही, सारा उपरोधच आहे, असा जो निष्कर्ष काढला तो मनातल्या मनात एक 'म्हणे' घालूनच. मला तो घालण्याचा अधिकार वाचकाला आहे असे वाटत नाही. पण तो जिथे घालता आला असता ती मोकळी जागा ऐकू यायला हवी.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल : दुसऱ्या दिवसाच्या खऱ्या शौर्याचे काय? हेन्री तेव्हा खोटे काहीच करीत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच ते शौर्य नीट पाहायला हवे. शत्रू निघून गेल्यावरही तो रिकाम्या मैदानावर गोळ्या झाडत राहतो. सोबती त्याच्याकडे आश्चर्याने पाहू लागतात तेव्हा त्याला कळते, की लोक आता आपल्याला योद्धा समजतात. हे पशूसारखे भान हरपणे आणि आदल्या दिवशीचे पळणे यांत क्रेनने वापरलेली प्रतिमासृष्टी जवळपास एकच आहे. पाणी आणायला गेलेल्या हेन्रीच्या कानांवर एका सेनाधिकाऱ्याचे बोलणे पडते : ही पलटण खर्ची घालायला हरकत नाही, खेचरे हाकणाऱ्यांसारखी तर लढते. पुढचा सगळा पराक्रम या अपमानाच्या रागातून होतो. पराक्रम खराच, पण त्याचा उगम शत्रूत नाही, देशातही नाही, वरिष्ठाच्या एका शब्दात आहे. आणि ज्या जमिनीसाठी हे झाले ती सोडून सगळे नदीपलीकडे परततात.

देशाचे नाव निघाले म्हणून एका अभावाची नोंद करणे भाग आहे. हे युद्ध कशासाठी चालले होते, याचा कादंबरीत उच्चार नाही. गुलामगिरी हा शब्दच तिच्या विश्वात नाही. पहिल्याच प्रकरणात, सैन्य हलणार ही आवई उठते तेव्हा, खोक्यावर नाचून शिपायांची करमणूक करणारा एक काळा गाडीवान क्षणभर दिसतो. प्रेक्षक बातमीच्या मागे निघून जातात आणि तो खिन्नपणे खाली बसतो. त्यानंतर कादंबरी त्याच्याकडे वळून पाहत नाही. लिंकनची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली होती, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात युद्धाविषयी ग्रीक स्वप्ने असतील किंवा नसतील; पण मोडायला 'भ्रम' एवढाच त्यांच्याजवळ नव्हता. हेन्रीचा अनुभव युद्धाचा सार्वत्रिक अनुभव म्हणून वाचला जाऊ शकतो तो ते खोके बाजूला सरकवल्यामुळे. क्रेनवर हा आरोप म्हणून ठेवता येईल का, याविषयी मी साशंक आहे. हेन्रीला कारण ठाऊक नसणे हे त्याच्या व्यक्तिरेखेशी सुसंगत आहे. पण ज्याच्याजवळ कारण नाही त्याचाच भ्रम इतका पूर्णपणे रोमांचाचा बनलेला असू शकतो, ही गोष्ट कादंबरीने सांगितलेली नाही. ती त्या रिकाम्या खोक्याने सांगितली आहे.

ऑगस्ट १८९६मध्ये 'मॅक्लुअर्स' मासिकात क्रेनची 'द व्हेटरन' ही छोटी कथा आली. हेन्री फ्लेमिंग आता म्हातारा आहे. गावातील किराणा दुकानात बसून तो शेजाऱ्यांना सहज हसत सांगतो, की त्या पहिल्या लढाईत आपण घाबरलो आणि पळालो. लढाईचे नाव तो चॅन्सलर्सव्हिल असे सांगतो. जी गोष्ट दडवण्यात एक अख्खी कादंबरी गेली, ती बिस्किटे-साखरेच्या दुकानात दोन वाक्यांत बाहेर पडते, आणि ऐकणारे त्याचा आदरच करतात. इतकी वर्षे प्रतिष्ठेने जगलेल्या माणसाला सत्य परवडते. त्या दुकानात एकच श्रोता असा आहे, ज्याला ते परवडत नाही. म्हाताऱ्याचा नातू जिम – त्या उंच शिपायाचे नाव या मुलाला मिळाले आहे – लाजेने गोरामोरा होतो आणि घरी जाताना आजोबांना विचारतो, ते खरे होते का? आजोबा म्हणतात, खरे होते. युद्धाविषयीच्या भ्रमाचा निरास क्रेनने कुठे निःसंदिग्धपणे रंगवला असेल तर तो या मुलाच्या चेहऱ्यावर. त्याच रात्री घरच्या गोठ्याला आग लागते. म्हातारा आत शिरून घोडे काढतो, गाई काढतो, शेवटी आत राहिलेल्या दोन शिंगरांसाठी पुन्हा शिरतो, आणि छप्पर कोसळते. खरे सांगितल्यानंतर आजोबाला आणखी एक दिवसही नातवासमोर साधा माणूस म्हणून राहू देणे क्रेनला का जमले नसावे?